पिवळ्या ठिणगीचा माग

मोटरसायकल चालू होत नसली की पहिली कृती ठरलेली असते. प्लग काढायचा, पुन्हा कॅपमध्ये खोचायचा, सिलिंडरच्या फिन्सवर टेकवून किक मारायची आणि टोकाशी नजर लावायची. ठिणगी दिसली की "करंट आहे" असा निर्वाळा मिळतो आणि पाने कार्ब्युरेटरकडे वळतात. जेट साफ होतात, पेट्रोलचा कॉक उघडला जातो, फ्लोट हलवून बघितला जातो. गाडी मात्र संध्याकाळपर्यंत तिथेच उभी असते.

या चाचणीतून अर्धीच गोष्ट कळते. फिन्सवर टेकवलेला प्लग उघड्या हवेत असतो आणि कामावरचा प्लग दाबलेल्या हवेत. ठिणगीला किती व्होल्टेज लागेल हे हवेचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर या दोहोंवर अवलंबून असतं, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिलं. प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून उघड्यावर उडी मारायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. पिस्टन वर येऊन मिश्रण दाबलं गेलं की त्याच फटीसाठी कित्येक पट जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे जेमतेम चार हजार व्होल्ट देणारी मरगळलेली कॉइल बाहेर व्यवस्थित ठिणगी दाखवते आणि आत गेल्यावर गप्प बसते. मालक आणि मेकॅनिक दोघंही आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतात आणि दोष भलतीकडे शोधतात.

म्हणून जाणकार मेकॅनिक फट वाढवून बघतो. एखाद्या जुन्या प्लगची बाजूची पट्टी कापून टाकतो किंवा वायरचं टोक इंजिनच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरतो. एवढं अंतर ओलांडून निळसर-पांढरी ठिणगी 'टक्क' असा स्पष्ट आवाज करत पडली तर यंत्रणेत दम आहे. बारीक, पिवळसर किंवा नारिंगी, कधी पडते कधी नाही अशी ठिणगी असेल तर ती कमजोर. रंगाचा नुसता इशारा धरायचा. किती फट ओलांडली यावर भरवसा ठेवायचा. हे सावलीत करावं, कारण उन्हात चांगली ठिणगीही दिसत नाही. प्लगच्या उघड्या भोकावर जुना प्लग किंवा फडकं असावं, कारण किकबरोबर तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि वायर हवेत मोकळी लोंबत ठेवून किक मारू नये. बाहेर पडायला वाट न मिळालेलं व्होल्टेज कॉइलच्या आतलंच इन्सुलेशन फोडतं, आणि ती कॉइल मग कायमची गेली.

महाराष्ट्रात हा विषय उलगडून सांगायला जावा २५० इतकं सोयीचं यंत्र दुसरं नाही. मूळची चेकोस्लोव्हाकियाची ही गाडी रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून म्हैसूरमध्ये बनवायला घेतली. पुढे १९७३ पासून तीच वंशावळ येझदी नावाने चालली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर, किक आणि गिअरला मिळून एकच दांडा आणि आजच्या गाड्यांपुढे अगदीच साधं वाटणारं बारा हॉर्सपॉवरचं इंजिन. मुंबई-पुण्यापासून कोल्हापूर-नाशिकपर्यंत तिचे चाहते आजही जुलैच्या दुसऱ्या रविवारी, जागतिक जावा दिनाला, गाड्या बाहेर काढतात. त्या सकाळी रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गाडीभोवती जो घोळका जमतो, त्यातला वाद बहुतेक वेळा करंटचाच असतो.

जावाची इग्निशन यंत्रणा ६ व्होल्टची आणि बॅटरीवर चालणारी. इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण काढलं की क्रँकच्या टोकावर बसवलेला डायनॅमो दिसतो आणि तिथेच पॉइंट नि कंडेन्सर. कॉइल वेगळी. या रचनेचं मूळ अमेरिकेत आहे. डेल्को कंपनीच्या चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जी जुळणी केली, ती १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली. त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षं जगातल्या कोट्यवधी गाड्या त्याच तत्त्वावर धावल्या. त्यात इतके कमी भाग आहेत की सगळी यंत्रणा एका तळहातावर मावेल. तरीही तिच्यातला दोष शोधताना भले भले थकतात, कारण प्रत्येक भाग दुसऱ्याचा दोष आपल्या अंगावर दाखवतो.

कॉइलमध्ये एकाच लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, काहीशे वेढ्यांची. दुसरी केसासारख्या बारीक तारेची, हजारो वेढ्यांची. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीतला प्रवाह जाड गुंडाळीतून वाहतो आणि गाभ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं. क्रँकवरच्या कॅमने पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि या कोसळण्याच्या वेगातूनच व्होल्टेज जन्माला येतं. जोरात वाहणारा नळ झटकन बंद केला की पाइपात जसा धक्का बसतो, तसाच हा प्रकार. नळ हळू बंद केला तर धक्का बसत नाही, आणि पॉइंटमधला प्रवाह रेंगाळत तुटला तर ठिणगी पडत नाही. जाड गुंडाळीत त्या क्षणी दोन-तीनशे व्होल्ट उमटतात आणि बारीक गुंडाळीत ते दहा-पंधरा हजारांवर जातात.

या वर्णनात कमजोर ठिणगीची सगळी कारणं दडलेली आहेत. गाभ्यात ऊर्जा पुरेशी भरली नाही, किंवा प्रवाह झटकन तुटला नाही, किंवा तयार झालेलं व्होल्टेज प्लगपर्यंत पोचण्याआधी गळून गेलं. चौथं कारण नाही. तरीही सर्रास प्लग बदलला जातो, मग कॉइल, मग कंडेन्सर. एकामागून एक, काहीही न मोजता. या सवयीने जितके जुने, अस्सल, चांगले भाग भंगारात गेले तितके गंजाने गेले नसतील.

सुरुवात बॅटरीपासून करायला हवी, आणि इथे थोडं गणित मांडणं गरजेचं आहे. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह निम्मा झाला तर ऊर्जा एक चतुर्थांशावर येते. आता समजा बॅटरीत ६ व्होल्ट आहेत, पण जुना स्विच, सैल लग आणि काळवंडलेली तार यांनी मिळून वाटेत १ व्होल्ट खाल्ला. कॉइलला ५ मिळाले. प्रवाह सहातला पाचच भाग राहिला आणि ऊर्जा ३६ मधले २५ भाग. म्हणजे एका व्होल्टपायी सुमारे तीस टक्के ऊर्जा गेली. तोच १ व्होल्ट १२ व्होल्टच्या गाडीत गमावला तर नुकसान सोळा टक्क्यांच्या आसपास राहतं. ६ व्होल्टच्या गाड्या नाजूक म्हणून बदनाम झाल्या त्याचं खरं कारण हे आहे. पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक जोडावर थोडा थोडा ऑक्साइड साठतो, आणि या यंत्रणेला तो सोसण्याइतकी शिल्लकच नाही.

हे मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. चावी चालू करून, पॉइंट मिटलेले ठेवून, कॉइलमध्ये प्रवाह वाहत असताना मोजायचं. प्रवाह नसताना खराब जोडसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि फसवतो. बॅटरीच्या खांबावर किती आणि कॉइलच्या टर्मिनलवर किती, यातला फरक तीन-चार दशांश व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दोष वाटेत आहे. मग मीटरचं एक टोक बॅटरीवर ठेवून दुसरं एकेक जोड पुढे सरकवत न्यायचं, कुठे उडी दिसते ते कळेपर्यंत. फ्यूजची गंजलेली पकड, चावीच्या स्विचमधले झिजलेले पितळी संपर्क, हेडलाइटच्या खोक्यात कुणीतरी कधीकाळी पीळ देऊन टेप लावलेली तार, असे गुन्हेगार सापडतात. मोजून झालं की चावी लगेच बंद. पॉइंट मिटलेले ठेवून चावी चालू राहिली तर कॉइल तापत जाते.

परतीची वाटही तितकीच महत्त्वाची. प्रवाहाला इंजिनाच्या धातूतून आणि चासीतून बॅटरीच्या दुसऱ्या खांबाकडे परत जायचं असतं. आजकाल जुन्या गाड्यांची चासी पूर्ण सोलून पावडर कोटिंग करायची पद्धत रुळली आहे. दिसायला ती देखणी होते, पण तो जाड थर वीज वाहू देत नाही. इंजिनाचे बोल्ट, कॉइलची पट्टी, बॅटरीची अर्थ-तार जिथे बसते ती जागा, सगळीकडे रंग. नव्याने 'रिस्टोअर' झालेली, आधी व्यवस्थित चालणारी गाडी एकाएकी पिवळा करंट देऊ लागली तर पहिला संशय अर्थवर घ्यावा. त्या जागा खरवडून धातू उघडा करणं आणि इंजिनापासून बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र जाड तार टाकणं हा तासाभराचा आणि नगण्य खर्चाचा उपाय आहे. प्रत्येक जुन्या गाडीत ती तार असावी.

बॅटरीबद्दल एवढंच: स्थिर असताना ६.३ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भार पडताच ५ वर घसरत असेल तर ती गेलेली आहे. किकच्या मंद वेगात डायनॅमो जवळजवळ काही देत नाही, सगळी भिस्त बॅटरीवर असते.

आता पॉइंट. टंगस्टनच्या दोन छोट्या टिकल्या. एक स्थिर, एक कॅमवर घासणाऱ्या फायबरच्या टाचेवर हलणारी. जावा-येझदीत त्यांची फट ०.४ मिलिमीटर, बॅटरीशिवाय चालणाऱ्या ब्रिटिश मॅग्नेटोंवर साधारण ०.३. ही फट फिलर गेजने मोजायची असते. ब्लेडच्या पात्याने किंवा पोस्टकार्डाच्या जाडीने वर्षानुवर्षं काम भागवलं गेलं, आणि प्रसंगी ते भागतंही. पण टाच झिजते तशी फट कमी होत जाते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं आणि गाडी चढावर ओढत नाही. फट जास्त ठेवली तर उलटा घोळ होतो. पॉइंट मिटून राहण्याचा काळ कमी होतो आणि कॉइल भरायला वेळ मिळत नाही. जावाच्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी लागते. मिनिटाला ४,७५० फेऱ्यांवर, जिथे या इंजिनाची पूर्ण ताकद उतरते, सेकंदाला एकोणऐंशी ठिणग्या होतात आणि एका फेऱ्याला जेमतेम साडेबारा मिलिसेकंद मिळतात. म्हणून जास्त फटीची गाडी सुरू सहज होते, पण वेगात मिसिंग करते.

उभ्या राहिलेल्या गाडीच्या पॉइंटवर, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा काढलेल्या गाडीच्या, करडा थर चढतो. डोळ्यांना तो क्वचित दिसतो, मीटरला लगेच दिसतो. पॉइंट मिटलेले असताना त्यांच्यावरचं व्होल्टेज एक-दोन दशांशाच्या आत असायला हवं. जास्त असेल तर सफाई. पॉलिश पेपरचा तुकडा हाताशी असतो, पण त्याची खर टंगस्टनमध्ये रुतून बसते आणि दोष आठवड्याने परत येतो. बारीक कानस, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला आणि नंतर कोरडा जाड कागद दोन टिकल्यांमधून ओढणं, ही पद्धत जुने फिटर वापरत आले. कॅमवरच्या नमद्याला तेलाचा थेंब हवा, नाहीतर टाच झिजते. आणि जास्त तेल झालं तर ते उडून पॉइंटवरच जाऊन बसतं.

कंडेन्सर हा सगळ्यात जास्त बदलला जाणारा आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला भाग. करंगळीच्या पेराएवढी पत्र्याची डबी, एक तार, आत कागद आणि धातूच्या पातळ पट्टीची गुंडाळी. क्षमता साधारण ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरड. पॉइंट उघडायला लागले की प्रवाहाला थांबायचं नसतं. तो वाढत्या फटीतून ज्योत काढून वाहत राहू पाहतो. त्या क्षणी कंडेन्सर त्याला दुसरी वाट देतो, आणि तेवढ्यात पॉइंट पुरेसे दूर जातात. कंडेन्सर निकामी झाला की पॉइंटवर ठसठशीत ज्वाळेसारखा जाळ दिसतो, प्रवाह रेंगाळत तुटतो आणि प्लगवर पिवळी रेघ उरते. अंधारात झाकण काढून पॉइंटकडे बघणं ही म्हणूनच सगळ्यात जुनी परीक्षा. बारीक निळा ठिपका चालतो, जाळ चालत नाही.

पण कंडेन्सर पूर्ण मरण्याआधी बराच काळ आजारी असतो. थंड असताना ठीक. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर इंजिनाच्या उष्णतेने आतलं इन्सुलेशन गळायला लागतं आणि गाडी बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. पेट्रोलच्या टाकीचं झाकण, कार्ब्युरेटर, हवामान, सगळ्यांवर खापर फुटतं. मल्टिमीटरवरची क्षमता बरोबर आली तरी तो निर्दोष ठरत नाही, कारण मीटर एखाद-दोन व्होल्टवर मोजतो आणि कंडेन्सरला प्रत्यक्षात दोन-तीनशे सोसायचे असतात. ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरवर, आणि तेही थोडा गरम करून, तपासला तरच खरं कळतं.

आज बाजारात मिळणारे बरेच नवे कंडेन्सर जुन्यापेक्षा वाईट निघतात. पाकिटावर ओळखीचं नाव, आत हलक्या दर्जाचा माल. म्हणून 'नवीन टाकलाय' हा पुरावा धरू नये. यावर जाणत्या मंडळींनी काढलेली वाट चांगली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलिनचा कपॅसिटर अगदी थोडक्या पैशांत मिळतो. तो इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, कॉइलजवळ बसवता येतो. मूळ रूप जपायचं असेल तर जुनी डबी दिसायला जागेवर ठेवायची, तार मात्र नव्याला जोडायची. डब्यातल्या कागदी गुंडाळीचा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही. जपायचं आहे ते यंत्र चालतं राहणं.

कॉइल तपासायची वेळ यानंतर येते, आधी नाही. ६ व्होल्टच्या कॉइलच्या जाड गुंडाळीचा रोध साधारण दीड-दोन ओहम, १२ व्होल्टच्या कॉइलचा तीन-चार; बारीक गुंडाळीचा काही हजार. हे आकडे जुळले तर तार तुटलेली नाही एवढंच सिद्ध होतं. आतल्या आत वेढे शॉर्ट झाले असतील किंवा उष्णतेने इन्सुलेशन फुटत असेल तर रोध मोजून ते कळत नाही. खात्रीची दुसरी कॉइल लावून बघणं हाच व्यवहारी मार्ग, आणि इथेच जुन्या बाजारातून आणून जपलेला एखादा अस्सल सुटा भाग उपयोगी पडतो. १२ व्होल्टची कॉइल ६ व्होल्टच्या गाडीला लावलेली सापडणं हेही नवल नाही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण रोध दुप्पट म्हणजे प्रवाह निम्मा, आणि ऊर्जेचं काय होतं ते वर आलंच आहे.

ठिणगीची दिशा हाही मुद्दा आहे. प्लगचं मधलं टोक गरम असतं, आणि गरम धातूतून इलेक्ट्रॉन सहज निघतात. म्हणून मधलं टोक ऋण असेल अशी जोडणी करतात. उलटी झाली तर तीच ठिणगी पाडायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा धन खांब चासीला जोडलेला असे. पुढच्या मालकाने आजच्या सवयीने ऋण खांब चासीला लावला आणि कॉइलच्या तारा तशाच ठेवल्या, की ठिणगीची दिशा फिरते. गाडी चालते, पण थंडीत आणि कमी बॅटरीवर त्रास देते. कॉइलच्या दोन बारीक तारांची अदलाबदल केली की काम झालं.

मग जाड वायर आणि कॅप. बेकेलाइटच्या कॅपला गेलेला केसाएवढा तडा दिवसा दिसत नाही. पावसाळ्यात, दमट हवेत त्या तड्यातून व्होल्टेज इंजिनाच्या धातूकडे पळतं. पूर्ण अंधारात इंजिन चालू करून बघितलं तर वायरवर आणि कॅपभोवती निळसर चमक दिसते. पाण्याचा फवारा मारला तर आणखी स्पष्ट. कॅपमध्ये रेडिओतला खरखराट टाळण्यासाठी बसवलेला रोधक बहुधा ५,००० ओहमचा असतो. तो जळत जळत कित्येक पटींनी वाढलेला आढळतो. तांब्याच्या तारेची वायर आणि नवी कॅप हा स्वस्त, खात्रीचा उपाय आहे. इथे मात्र आधी बदलून मग बघायला हरकत नाही.

प्लग सर्वांत शेवटी. बंगळुरूच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे, म्हणजे 'मायको'चे प्लग दोन पिढ्यांनी वापरले. पॉलिश पेपर, प्लगपाना आणि वरच्या खिशात एक जादा प्लग हा टू-स्ट्रोक चालवणाऱ्याचा नित्याचा सरंजाम होता. पेट्रोलच्या वीस-पंचवीस भागांना एक भाग ऑइल जाळणाऱ्या इंजिनात प्लगवर काजळी बसणार, कधी दोन टोकांमध्ये कार्बनचा बारीक पूलच तयार होणार. काजळी वीज वाहते. व्होल्टेज फटीत उडी मारण्याआधी तिच्यावरून सरपटत निघून जातं. एकदा ओला झालेला प्लग साफ करून, तापवून लावला तरी पुष्कळदा पूर्ववत होत नाही. मात्र प्लग काळा होण्याचं मूळ कारण कमजोर ठिणगी आहे की जास्तीचं ऑइल, गळके क्रँक सील किंवा भरून वाहणारा कार्ब्युरेटर, हे ठरवलं नाही तर नवा प्लगही दोन दिवसांत तसाच होतो.

बॅटरी नसलेल्या गाड्यांची कथा थोडी वेगळी. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्याकडे काम करणाऱ्या गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटो तयार केला आणि त्यानंतर कित्येक दशकं मोटरसायकली त्याच्यावर चालल्या. फिरणारं चुंबक किंवा फिरणारी गुंडाळी, बाकी तेच पॉइंट, तोच कंडेन्सर. दुसऱ्या महायुद्धात सव्वा लाखाच्या आसपास बनलेली बीएसए एम२० ही अशीच गाडी, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, ल्युकस कंपनीचा मॅगडायनो, म्हणजे मॅग्नेटो आणि डायनॅमोची जोडी. महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या ब्रिटिश गाड्या आपल्याकडेही बऱ्याच आल्या आणि त्यातल्या काही अजून मुंबई-पुण्याच्या रॅलीत दिसतात. एम२० च्या मॅगडायनोतला कंडेन्सर फिरत्या आर्मेचरच्या पोटात असतो. तो बदलायचा तर सगळा मॅग्नेटो खोलावा लागतो, आणि आतल्या गुंडाळीवरचं जुनं लाखेचं आवरण उष्णतेने मऊ झालं असेल तर ती पुन्हा भरून घ्यावी लागते. गरम झाल्यावर किकला दाद न देणाऱ्या एम२० चं दुखणं बहुधा इथे असतं. त्याआधी कार्बन ब्रश आणि स्लिप रिंग बघाव्यात. रिंगवर तेलाचा किंवा कार्बनच्या भुकटीचा थर असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसल्यावर ठिणगी परत आल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

मॅग्नेटोत आणखी एक गोष्ट मावळते, चुंबक. जुन्या पोलादी चुंबकांच्या मधलं आर्मेचर काढून ते तसेच उघडे ठेवले तर त्यांची ताकद उतरते. म्हणून खोलताना त्यांच्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवायची शिस्त होती. १९३१ मध्ये जपानचे तोकुशिची मिशिमा यांनी निकेल-ॲल्युमिनियमयुक्त पोलादाचं चुंबक शोधलं, आणि त्यातून पुढे आलेल्या अल्निको चुंबकांनी ही अडचण बरीच कमी केली. मुंबईत बनलेल्या लॅम्ब्रेटा आणि आकुर्डीच्या बजाज-व्हेस्पा स्कूटरवर फ्लायव्हील मॅग्नेटो होते. त्यांचे पॉइंट फ्लायव्हीलच्या खिडकीतून हात घालून साफ करता येत, आणि ते काम महाराष्ट्रातल्या हजारो घरांत रविवारी सकाळी होत असे.

या सगळ्या उपद्व्यापाला कंटाळून बरेच मालक इलेक्ट्रॉनिक इग्निशनकडे वळले आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या व्हेप कंपनीच्या संचासारखे १२ व्होल्टचे तयार संच जावाला बसतात, पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही जातात. रोज कामावर जाणाऱ्या गाडीसाठी हा निर्णय योग्य आहे, त्यात अपराध वाटण्यासारखं काही नाही. पण दोष न शोधता संच बसवला तर पावडर कोटिंगखाली दबलेली अर्थ आणि झिजलेला स्विच तसेच राहतात, आणि महागड्या संचावरही गाडी तीच तक्रार करते. आणि घाटात बंद पडलेली पॉइंटची गाडी स्क्रू-ड्रायव्हर आणि कागदाच्या तुकड्यावर पुन्हा निघू शकते. इलेक्ट्रॉनिक खोकं गेलं तर टेम्पो बोलवावा लागतो. हा फरक लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने विचारात घ्यायला हवा.

दुरुस्ती झाली असं म्हणण्याआधी दोन कामं उरतात. पॉइंटची फट बदलली की टायमिंग बदललेलं असतंच, म्हणून ते नव्याने लावायचं. प्लगच्या भोकातून डायल गेज सोडून पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू शोधायचा, त्या मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेल्या मिलिमीटरइतकं मागे यायचं, आणि पॉइंटच्या टर्मिनलपासून चासीपर्यंत एक छोटा बल्ब जोडून तो नेमका तिथेच पेटतो का हे बघायचं. पॉइंट मिटलेले असताना बल्ब विझलेला, उघडताक्षणी पेटलेला. नंतर गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पूर्ण गरम करायची, बंद करायची, पाच मिनिटं थांबायचं आणि त्याच पाच-सहा मिलिमीटरच्या फटीवर ठिणगी पुन्हा बघायची. थंड असताना घेतलेले आकडे, बॅटरीवरचं, कॉइलवरचं आणि पॉइंटवरचं व्होल्टेज, वहीत लिहून ठेवलेले असले तर गरम गाडीचे आकडे त्यांच्याशेजारी मांडता येतात. तिन्ही जागचे आकडे तसेच राहिले आणि ठिणगी मात्र खचली, तर वायरिंगला पुन्हा हात लावायचं कारण नाही. शोध कंडेन्सर आणि कॉइल या दोघांपुरताच उरतो, आणि त्यात आधी कंडेन्सर बदलून बघायचा, कारण तो स्वस्त आहे.